छंदातील इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पांतून फोर्थसारखी अल्पपरिचित भाषा लोकांपर्यंत कशी न्यावी?

गोव्यातील डिचोलीहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला आहे: ‘मी फोर्थ ही प्रोग्रॅमिंगची भाषा हौसेने शिकलो आहे आणि आर्डुइनो उनो व रास्पबेरी पाय पिको या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डांवर तिच्यात छोटे प्रकल्प करतो. एलईडीचा ट्रॅफिक सिग्नल, खोलीचे तापमान दाखवणारा डिस्प्ले, विहिरीतील पाण्याची पातळी मोजणारे यंत्र आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे पेटते डोळे एवढे तयार आहे. हे सगळे ऑनलाइन टाकून आपल्याकडच्या मुलांना या भाषेची गोडी लावावी असे वाटते. काय टाकावे, कसे मांडावे, आणि मराठीत लिहावे की इंग्रजीत?’

फोंडा परिसरातील कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप, बसवण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे आणि फोर्थ ही माझ्या रोजच्या वापरातील भाषा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो. उत्तराचा गाभा आधीच सांगतो. भाषेचा प्रचार म्हणून प्रकल्प टाकू नका. कोणाला तरी खरोखर हवे असलेले काम घ्या, ते दुसऱ्याला तुमच्या मदतीशिवाय उभे करता येईल इतके पूर्ण लिहा, आणि काम असे निवडा की फोर्थचा गुण वेगळा सांगावा न लागता त्या कामातच दिसावा.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पंप असलेला शेतकरी किंवा त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा ‘फोर्थ’ हा शब्द कधीही शोधणार नाही. तो ‘विहिरीचे पाणी कमी झाल्यावर पंप आपोआप बंद कसा करावा’ हेच शोधणार. म्हणून शीर्षकात कामाचे नाव हवे आणि भाषेचे नाव दुसऱ्या ओळीत आले तरी चालते. अल्पपरिचित भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसांकडून नेमके याच्या उलट होते. भाषेचा इतिहास, तिची थोरवी, इतर भाषांवरील टीका आणि मग शेवटी उजळणारा एक एलईडी, असा क्रम असतो. फोर्थच्या बाबतीत हा मोह अधिक आहे, कारण तिचा इतिहास खरोखरच देखणा आहे. चार्ल्स मूर यांनी ती घडवली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीचे काम तिच्यावर चालले. १९९४ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे मानक ठरलेले, संगणक सुरू करणारे ओपन फर्मवेअर याच भाषेवर उभे होते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानात आरटीएक्स-२०१० हा फोर्थसाठीच रचलेला प्रोसेसर होता. या गोष्टी एका परिच्छेदात जरूर सांगा, कारण त्या ऐकून विद्यार्थ्याचा भाषेवरील विश्वास वाढतो. परंतु धूमकेतूवरील यान पाहून कोणी आपल्या विहिरीवर फोर्थ बसवत नाही. शेजारच्या वाड्यावरील विहिरीवर ती चालताना पाहिली, तर बसवतो.

तुमच्या चार प्रकल्पांपैकी ट्रॅफिक सिग्नल आणि तापमानाचा डिस्प्ले तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकणाऱ्यासाठी ते उत्तम आहेत, पण भाषेची ओळख करून देण्यास निरुपयोगी आहेत. ते सी, पायथन, स्क्रॅच अशा प्रत्येक भाषेत शेकडो वेळा झालेले आहेत आणि ते फोर्थमध्ये केल्याने काही वेगळे घडताना दिसत नाही. पाहणाऱ्याच्या मनात ‘मग यासाठी नवी भाषा कशाला?’ हा प्रश्न येतो, आणि तो योग्यच असतो.

त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. फोर्थचा पुरस्कार करणारे सहसा सांगतात की बोर्डाला केबल जोडून थेट आज्ञा टाइप करता येते आणि ती तिथल्या तिथे चालते. हे खरे आहे, पण मायक्रोपायथनमध्येही, म्हणजे अशा चिपवर चालणाऱ्या पायथनमध्येही, ते होते, आणि हे लपवले तर जाणकार वाचक पुढचे वाचणार नाही. खरा फरक जागेचा आहे. मायक्रोपायथन स्वतःबद्दल सांगताना २५६ किलोबाइट कोडची जागा आणि १६ किलोबाइट रॅम एवढ्यात मावतो असे सांगतो, आणि तेही कौतुकास्पदच आहे. उनोच्या आर३ आवृत्तीवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये मात्र एकूण ३२ किलोबाइट फ्लॅश (कोड साठवण्याची जागा) आणि २ किलोबाइट रॅम असते. एवढ्या जागेत फ्लॅशफोर्थ हा लहान चिपसाठीचा फोर्थ स्वतःच्या कंपायलरसह (लिहिलेल्या कोडचे चिपच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या भागासह) राहतो आणि तुमच्या कोडसाठी जागाही शिल्लक ठेवतो. म्हणजे विहिरीवर बसवलेल्या चिपमध्येच भाषा संपूर्ण हजर असते. लॅपटॉपवर फक्त अक्षरे पाठवणारा साधा टर्मिनल पुरतो. आर्डुइनोचे सॉफ्टवेअर नाही, लायब्ररी नाही, मूळ कोडची फाइल हरवली असली तरी चिपमध्ये कोणत्या आज्ञा आहेत याची यादी चिपच देते. ज्याने वर्षापूर्वी बसवलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी जुना संगणक शोधला आहे, त्याला याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच विहिरीचा प्रकल्प पहिला घ्या, आणि त्यात पातळी मोजण्यावर थांबू नका. मार्च ते मे या महिन्यांत पाणी फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, खाली गेले की पंप कोरडा चालतो आणि मोटर जळते. ही अडचण आपल्याकडे सत्तरीपासून काणकोणपर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. पातळी मोजून पंप वेळीच बंद करणे हे काम म्हणजे तुमच्या प्रकल्पाचे खरे शीर्षक आहे.

आता फोर्थचा गुण या कामात कुठे दिसतो ते जवळून पाहू. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाची लहर पाठवतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा काळ मायक्रोसेकंदांत कळवतो. बहुतेक ठिकाणी त्या आकड्याला ५८ ने भागून सेंटिमीटर काढायला सांगतात. हे भागाकाराचे सूत्र सुमारे २० अंश सेल्सिअसला ठीक आहे, कारण तेव्हा हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. आपल्या हवेत ३० अंशाला तो ३४९ च्या आसपास जातो, आणि तीन मीटरच्या अंतरावर या फरकाने सुमारे पाच सेंटिमीटरची चूक होते. लहर जाऊन परत येते, त्यामुळे वेगाचा अर्धा धरायचा, म्हणून आपल्यासाठी मायक्रोसेकंदांना १७५ ने गुणून १०,००० ने भागणे अधिक बरोबर. पण तीन मीटरसाठी आकडा येतो सुमारे १७,१४३ मायक्रोसेकंद, त्याला १७५ ने गुणले की गुणाकार तीस लाखांवर जातो, आणि फ्लॅशफोर्थचा साधा आकडा १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ पर्यंतचा असतो. इथे फोर्थमध्ये स्टार-स्लॅश नावाची एकच आज्ञा आहे. ती आधी गुणाकार करते, मधले उत्तर दुप्पट रुंदीच्या जागेत धरते, मग भागाकार करून पुन्हा साध्या आकड्यात उत्तर देते. दशांश चिन्ह असलेले आकडे न वापरता, लहान चिपवर, अचूक उत्तर मिळते. हा तपशील प्रकल्पात सविस्तर द्या. दुर्बिणी आणि यंत्रे चालवण्यासाठी घडलेली ही भाषा कशा प्रकारे विचार करते, ते या एका आज्ञेतून जितके कळते तितके पानभर वर्णनातून कळत नाही.

दुसरा गुण चित्रीकरणात दाखवा. लॅपटॉप घेऊन विहिरीच्या काठावर बसा, केबल जोडा आणि कॅमेरा मध्ये न थांबवता एकाच दमात चित्रण करा. पातळी विचारणारी आज्ञा टाइप करा, आकडा येऊ द्या. दोरीला खुणा करून तीच पातळी हाताने मोजून दाखवा. मग पंप बंद होण्याची मर्यादा बदला आणि यंत्र न थांबवता, काहीही पुन्हा अपलोड न करता, नव्या मर्यादेवर पंप बंद होताना दाखवा. एवढे पुरे. पार्श्वसंगीत, झपाट्याने बदलणारी दृश्ये, ‘क्रांतिकारी’ वगैरे शब्द यांतले काहीही नको. संकलन केलेले चित्रण पाहून लोक थक्क होतील, पण अखंड चित्रण पाहून त्यांचा विश्वास बसेल.

एखादी अल्पपरिचित भाषा हौशी लोकांपर्यंत पोहोचण्यात बोर्डाचा आणि प्रकल्पाचा वाटा किती मोठा असतो, याची उदाहरणे अलीकडच्या काळात आहेत. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही भाषा इलेक्ट्रॉनिक्सची हौस असणाऱ्या कितीतरी जणांनी प्रथम पाहिली ती २०१४ मध्ये, कारण ईएसपी८२६६ या स्वस्त वायफाय चिपसाठी आलेले नोडएमसीयू हे फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) लुआवर चालत होते. चिप हवी होती म्हणून लोकांनी भाषा घेतली. पण थोडा मोठा प्रोग्रॅम लिहिला की त्या चिपवर लुआला मेमरी अपुरी पडे, आणि २०१५ मध्ये त्याच चिपसाठी आर्डुइनोची सोय झाल्यावर बहुतेक जण तिकडे वळले. भाषेत दोष नव्हता, पण ती त्या चिपच्या मापाची नव्हती. एडा भाषेचा मार्ग वेगळा होता. एडाकोर या कंपनीने २०१६ पासून ‘मेक विथ एडा’ ही स्पर्धा घेतली आणि विमाने व रेल्वेच्या सुरक्षित प्रणालींसाठी ओळखली जाणारी भाषा हौशी लोकांच्या टेबलावर आणली. त्याच २०१६ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुलांना सुमारे दहा लाख मायक्रोबिट बोर्ड वाटले गेले आणि मायक्रोपायथनला एक आख्खी पिढी मिळाली. तुमच्याजवळ कंपनी नाही आणि सरकारही नाही. म्हणून तुमच्या हाती असलेल्या गोष्टीवर, म्हणजे काम आणि भाषा यांच्या मापाच्या जुळणीवर, अधिक काटेकोर राहायला हवे.

मांडणीविषयी आता बरेच लिहावे लागेल, कारण चांगले प्रकल्प बहुधा इथेच पडतात.

पहिला अडथळा भाषा बोर्डात उतरवण्याचा आहे. उनोवर फ्लॅशफोर्थ बसवण्यासाठी नेहमीची यूएसबी केबल पुरत नाही. चिपमध्ये थेट कोड उतरवणारा आयएसपी प्रोग्रॅमर लागतो, किंवा दुसऱ्या उनोला प्रोग्रॅमर बनवावे लागते, आणि चिपच्या फ्यूजची, म्हणजे तिच्यातील मूलभूत सेटिंगची, मूल्येही बदलावी लागतात. हे पहिल्याच परिच्छेदात, सामान आणण्याआधी वाचकाला कळले पाहिजे. त्याचबरोबर हेही लिहा की आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून बूटलोडर, म्हणजे यूएसबीतून कोड घेणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा बर्न केला की बोर्ड पूर्वीसारखा होतो. मुलांना सर्वांत मोठी भीती बोर्ड कायमचा वाया जाण्याची असते आणि त्या भीतीपायीच कित्येक जण सुरुवात करत नाहीत. पिकोवर हे काम सोपे आहे. बूटसेल बटण दाबून धरत केबल जोडली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फर्मवेअरची फाइल टाकायची, झाले. झेप्टोफोर्थ किंवा मेक्रिस्प-स्टेलारिस यांपैकी कोणताही फोर्थ तुम्ही असा बसवू शकता.

तरीही विहिरीसाठी मी उनोच सुचवतो. सेन्सर पाच व्होल्टचा आणि उनोही पाच व्होल्टचा, त्यामुळे जोडणी थेट होते. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने सेन्सरच्या इको (प्रतिध्वनी कळवणाऱ्या) पिनवर एक व दोन किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावे लागते, आणि ते विसरणारा वाचक हमखास असतो. शिवाय एवढ्याशा चिपमध्ये संपूर्ण भाषा राहते, हा फोर्थचा खरा विशेष उनोवरच उठून दिसतो.

दुसरा अडथळा फोर्थ नव्याने शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला येतो आणि लेखनात तो क्वचितच सांगितलेला असतो. संगणकावरून फाइल पाठवली की फोर्थ प्रत्येक ओळ येताक्षणी कंपाइल करू लागतो. फाइल वेगाने गेली तर चिप आधीच्या ओळीत गुंतलेली असताना पुढची अक्षरे गळून पडतात आणि ‘अमुक शब्द सापडला नाही’ अशा विचित्र चुका येतात. मुलाला वाटते कोड चुकीचा आहे किंवा भाषाच वाईट आहे. म्हणून टर्मिनलच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट द्या, बॉड रेट (अक्षरे पाठवण्याचा वेग) लिहा, फ्लो कंट्रोल (चिप गुंतली की पाठवणे थांबवण्याची सोय) चालू ठेवायचे की प्रत्येक ओळीनंतर ‘ओके’ येईपर्यंत थांबायचे ते स्पष्ट लिहा. फाइलच्या सुरुवातीला मार्कर ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा पाठवताना जुन्या व्याख्या पुसल्या जातील आणि फ्लॅश भरून जाणार नाही. कोडच्या प्रत्येक तुकड्यानंतर ‘आता हे टाइप करा, हे उत्तर यायला हवे’ अशी एक चाचणी द्या, आणि प्रत्येक चाचणीनंतर डॉट-एस ही आज्ञा देऊन स्टॅक, म्हणजे आकडे एकावर एक ठेवण्याची जागा, रिकामा असल्याची खात्री करायला सांगा. फोर्थमध्ये माहितीचे प्रकार (आकडा, अक्षर वगैरे) तपासले जात नाहीत, त्यामुळे स्टॅकवर एक आकडा जास्त राहिला तरी यंत्र तक्रार करत नाही आणि बिघाड दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी उगवतो. भाषेची ही उणीव आहे आणि ती उघडपणे लिहिली पाहिजे. उणीव सांगून तिच्यावरचा उपायही देणारा लेखक वाचकाला अधिक भरवशाचा वाटतो.

सामानाच्या यादीत नुसते ‘उनो’ लिहू नका. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच उनोंवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. विहिरीच्या दमट हवेत उघडा एचसी-एसआर०४ टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर वापरला तर जवळचे सुमारे वीस सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत, म्हणून तो पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीहून तेवढा उंच बसवावा लागतो. अरुंद विहिरीत आवाजाची लहर कडेच्या चिऱ्यांवर आपटून खोटी पातळी देते, तेव्हा सेन्सर मध्यावर टांगावा किंवा पाण्यापर्यंत पीव्हीसी पाइप सोडावा. जंपर वायरची टोके खाऱ्या हवेत पावसाळ्याआधीच काळी पडतात, म्हणून ब्रेडबोर्डवरचे सर्किट चित्रणापुरते ठीक, पण विहिरीवर सोल्डर केलेले आणि बंद डब्यातलेच हवे. सर्किटचा आराखडा किकॅड या सर्किट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून मूळ फाइलसह द्या. फोटोवरून वायर मोजत बसण्याची वेळ वाचकावर येऊ देऊ नका.

एका बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको, ती म्हणजे २३० व्होल्टची जोडणी. हौशी रिले (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) मॉड्यूलवर दहा अँपिअर लिहिलेले असते आणि एक एचपीच्या मोटरचा चालू प्रवाह पाच-सहा अँपिअरच असतो, त्यामुळे मुलांना वाटते की रिले पुरेल. पण मोटर सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट प्रवाह घेते, रिलेचे संपर्क चिकटतात, आणि मग पातळी खाली गेली तरी पंप बंदच होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट विद्युत स्विचची, कॉइल चालवावी आणि पंपाचा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून जावा, त्याच्याआधी आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि ही जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, हे ठळक अक्षरांत लिहा. प्रकल्पाची दुसरी आवृत्ती द्या, ज्यात पंपाऐवजी फक्त बझर वाजतो. शाळेतील मुलांसाठी तीच असावी.

हे सगळे लिहून झाल्यावर एक परीक्षा घ्या. फोर्थ न जाणणाऱ्या एखाद्या मित्राला सामान आणि तुमचे लेखन द्या, त्याच्याशेजारी बसा आणि एक अक्षरही बोलू नका. तो जिथे थांबतो, जिथे मागे जाऊन वाचतो, जिथे तुमच्याकडे पाहतो, त्या जागा टिपून घ्या आणि त्या सर्व दुरुस्त केल्यावरच प्रकल्प प्रसिद्ध करा. माझ्या पाहण्यात याहून चांगली कसोटी नाही.

भाषेच्या प्रश्नावर माझे मत असे की मूळ लेखन मराठीतच करावे आणि त्याचा आटोपशीर इंग्रजी गोषवारा सोबत द्यावा. जगभरातील फोर्थचे जाणकार मोजके पण तत्पर असतात. इंग्रजी गोषवाऱ्यामुळे ते तुमच्या चुका दाखवतील आणि सुधारणा सुचवतील. पण इंग्रजीत विहिरीचे प्रकल्प पुष्कळ आहेत. डिचोली, पेडणे, साखळी इथल्या मराठी शाळांत शिकलेल्या मुलासाठी त्याच्या भाषेत लिहिलेला, त्याच्या विहिरीवर चालणारा प्रकल्प तुमच्याखेरीज कोण देणार?

फोर्थ तर या बाबतीत मराठी माणसाला विशेष अनुकूल आहे. या भाषेत आधी आकडे आणि वस्तू येतात आणि क्रिया शेवटी येते. इंग्रजीभाषकाला हे उलटे वाटते, आपल्या वाक्याची मात्र तीच स्वाभाविक रचना आहे. शिवाय फोर्थमध्ये मधली मोकळी जागा सोडली तर जवळपास कोणतीही अक्षरे नावात चालतात. संगणकावर विनामूल्य मिळणाऱ्या जीफोर्थमध्ये, टर्मिनल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतावर ठेवून, पुढील ओळ जशीच्या तशी चालते:

: चाचणी   पंप-चालू   दहा सेकंद थांब   पंप-बंद ;

त्याआधी ‘दहा’ हा स्थिरांक करायचा, ‘सेकंद’ने स्टॅकवरील आकड्याला हजाराने गुणायचे, आणि ‘थांब’ने तेवढे मिलिसेकंद थांबायचे. ‘पंप-चालू’ आणि ‘पंप-बंद’ यांनी सुरुवातीला नुसता संदेश छापला तरी पुरे. सातवीतल्या मुलाला ही ओळ वाचून दाखवा, यंत्र काय करणार हे तो लगेच सांगेल. बोर्ड विकत घेण्याआधी भाषेची चव चाखता यावी म्हणून हा भाग प्रकल्पाच्या आरंभीच द्या. मात्र चिपवर हे जसेच्या तसे नेता येणार नाही, हेही तिथेच लिहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘पंप-चालू’ हे नाव २२ बाइटांचे होते, आणि फ्लॅशफोर्थमध्ये नावाची कमाल लांबी १५ आहे. चिपवरील कोडमध्ये आखूड रोमन नावे आणि शेजारी मराठी टिपा हा मार्ग व्यवहार्य आहे.

लायसन्सचा प्रश्न पुढे ढकलू नका. फ्लॅशफोर्थ आणि मेक्रिस्प-स्टेलारिस हे दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहेत. तुम्ही तयार फर्मवेअरची फाइल स्वतः वाटत असाल तर त्या अटी पाळाव्या लागतात. तुमच्या कोडवर, आराखड्यावर आणि लेखनावर कोणते लायसन्स आहे ते पहिल्या दिवशीच लिहा. ज्यावर काहीच लिहिलेले नाही ते इतरांनी वापरणे कायद्याने मोकळे नसते, आणि ज्या शिक्षकाला ते वर्गात वापरायचे आहे तो परत फिरतो. फोर्थच्या ज्या आवृत्तीवर तुम्ही चाचणी घेतली तिचा क्रमांकही द्या. फोर्थची प्रत्येक अंमलबजावणी थोडी निराळी असते आणि एकीवरचा कोड दुसरीवर बदलाशिवाय क्वचितच चालतो.

लोकांचे प्रश्न येऊ लागले की त्यांची उत्तरे प्रश्न विचारणाऱ्यापुरती ठेवू नका, मूळ लेखनातच त्या जागी दुरुस्ती करा. ‘हे सीमध्ये का नाही केले?’ असे कोणीतरी विचारणारच. तो हेटाळणी करत असो वा नसो, त्याला वर सांगितलेले जागेचे आणि थेट दुरुस्तीचे कारण द्या, सीची निंदा करू नका. कोणी तुमचाच प्रकल्प सीमध्ये किंवा पायथनमध्ये लिहून टाकला, तर त्याचा दुवा आपल्या प्रकल्पात द्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहणारा वाचक फोर्थविषयी जे मत बनवील ते टिकाऊ असेल. दुसऱ्यांच्या पायथनच्या प्रकल्पांखाली जाऊन ‘हे फोर्थमध्ये चांगले झाले असते’ असे मात्र कधीही लिहू नका. तसे लिहिणाऱ्यांमुळे या भाषेचे पुष्कळ नुकसान झालेले आहे.

नरकासुराचे डोळे हा तुमचा दुसरा प्रकल्प असावा, आणि तो पिकोवर करावा. डब्ल्यूएस२८१२ एलईडींच्या पट्टीला एका बिटासाठी सव्वा मायक्रोसेकंद असा नेमका ताल लागतो आणि तो धरण्यासाठी पिकोच्या चिपमध्ये पीआयओ ही स्वतंत्र यंत्रणा आहे. पट्टी पाच व्होल्टवर असेल तर तिला डेटा पिनवर साडेतीन व्होल्ट अपेक्षित असतात आणि पिको देतो ३.३. छोटी पट्टी नशिबाने चालते, मोठी अडते, म्हणून मध्ये डेटाचे व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप लावायला सांगा. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा साठ एलईडींना ३.६ अँपिअर लागतात. संगणकाच्या यूएसबीतून ते मागू नयेत, हेही लिहा. या प्रकल्पात फोर्थचा गुण मध्यरात्री दिसतो. पुतळा उभा आहे, वाड्यावरची मुले जमली आहेत, आणि कोणी म्हणते डोळे आणखी हळू पेटू देत. टाइप करून तो वेग तिथेच बदलता येतो.

हा प्रकल्प दिवाळीनंतर टाकला तर लोक कौतुक करतील आणि विसरतील, कारण करून पाहण्याची वेळ निघून गेलेली असेल. तो चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर लगेच तयार करून दसऱ्याच्या आत टाका, म्हणजे सामान मागवायला आणि चुका निस्तरायला मुलांना सवड राहील. विहिरीचा प्रकल्प त्याच हिशेबाने जानेवारीत यावा, पाणी खाली जाऊ लागण्यापूर्वी.